बंपर फायबरचा, घाम लांबीचा

फायबरग्लासचा बंपर घरी बनवायचा म्हटलं की बघणाऱ्याला वाटतं, ब्रशने रेझिन लावायचं, त्यावर काचेची मॅट बसवायची, झालं काम. ते खरं तर एका सकाळचं काम. त्याच्याआधी कित्येक आठवडे जातात ते घासण्यात. लांबी भरा, वाळू द्या, पेपर मारा, परत लांबी भरा. सावंतवाडीला आतेभावाच्या खळ्यात हा सगळा उद्योग मी जवळून पाहिला, त्यात हातही घातला. तेव्हापासून कुणी 'मला फायबरचं काम येतं' म्हणालं की मी आधी विचारतो, घासायचा कंटाळा येतो का?

गाडी सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आलेली, गोव्यात बनलेली, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, आणि बॉडी फायबरची. मोजक्याच गाड्या निघाल्या आणि पुढे उत्पादन थांबलं. त्यामुळे दुकानात जाऊन 'पुढचा बंपर द्या' म्हणायची सोय नाही. आतेभावाने घेतली तेव्हाच गाडीचा पुढचा डावा कोपरा फुटलेला होता आणि कुण्या बहाद्दराने तिथे पत्र्याची पट्टी रिबिटं मारून बसवली होती. पत्र्याची गाडी ठोकून सरळ करता येते. फायबरला पोचा पडत नाही, ते सरळ फुटतं. पण तेच फायबर घरच्या पडवीत नव्याने बनवताही येतं. पत्र्याच्या बाबतीत हे जमणार नाही, कारण पत्र्याला आकार द्यायचा तर अवाढव्य प्रेस आणि पोलादी डाय लागतात, आणि तो खर्च हजारो गाड्या निघणार असतील तरच परवडतो.

थोड्या गाड्या बनवणारे फायबरकडे वळले ते याच हिशेबाने. कॅलिफोर्नियात फायबरच्या होड्या बनवणाऱ्या बिल ट्रिटने १९५१च्या सुमाराला ग्लासपार जी२ ही फायबरची मोटारबॉडी काढली. दोन वर्षांत जनरल मोटर्ससारख्या कंपनीने शेवरोले कॉर्व्हेट फायबरमध्ये आणली. १९५३ साली त्या फक्त ३०० निघाल्या, मिशिगनमधल्या फ्लिंटला, बऱ्याचशा हातानेच जोडलेल्या. होडी आणि स्पोर्ट्स कार यांचं हे नातं आमच्याकडेही कामी आलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला मच्छीमारांच्या फायबर होड्या बनवण्यात आयुष्य गेलेले एक काका आतेभावाच्या ओळखीतले. गाडीभोवती एक फेरी मारून, बोटांनी फुटका कोपरा चाचपून ते म्हणाले, "होडीपेक्षा बारीक काम हा. पण रीत तीच."

रीत अशी. आधी हव्या त्या आकाराची वस्तू कशाचीही बनवायची. तिला प्लग म्हणतात. प्लगवरून साचा काढायचा आणि साच्यातून पार्ट. म्हणजे एका बंपरसाठी तीन बंपर, त्यातला एक उलटा. एकच नग हवा असताना इतका खटाटोप कशाला, असं मीही विचारलं. प्लगवरच थेट मॅट चढवून पार्ट बनवणारे आहेतच. पण मॅटची साच्याला टेकलेली बाजू तेवढी गुळगुळीत येते, दुसरी कायम खडबडीत राहते. साचा टाळला तर ती खडबडीत बाजू वर येते आणि मग प्रत्येक नगावर लांबीचे थर चढवून ती झाकावी लागते. जाड लांबी भरलेलं फायबर पुढे हमखास तडकतं. आतेभावाला शिवाय खालचा ओठ दोन बोटं पुढे काढायचा होता, रेडिएटरला वारा जास्त मिळावा म्हणून. त्यावर घरात जरा चर्चा झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. म्हणून गाडीची रुंदी, दिवे आणि नंबर प्लेटची जागा यांना हात लावायचा नाही, असं आधीच ठरलं.

प्लगसाठी जुना बंपरच घेतला. रिबिटं उडवली, पत्रा फेकला, मोडक्या कडा घासून उतरत्या केल्या. गेलेल्या डाव्या कोपऱ्याच्या जागी पीयू फोमचे ठोकळे चिकटवले. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण तो इथे चालत नाही. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. रेझिन लागलं की तो बघता बघता विरघळून चिकट गोळा होतो. फोम मात्र ब्रेडसारखा कापला जातो आणि रेझिनला दाद देत नाही.

पण डावा कोपरा हुबेहूब उजव्यासारखा आणायचा कसा? काकांनी बंपरच्या बरोबर मध्यावर खिळ्याने रेघ ओढली. तिथून उजवीकडे ठरावीक अंतरांवर पुठ्ठ्याचे खाके कापले, प्रत्येक खाका बंपरच्या वळणाला फट न राहता टेकेपर्यंत. मग तेच खाके उलटे करून डावीकडे त्याच अंतरांवर लावायचे. खाका आणि फोम यांच्यात उजेड दिसला की तिथे लांबी, खाका अडला की तिथे पेपर. कॉम्प्युटरवर हेच आज स्कॅन करून करतात. पुठ्ठ्याचा फायदा एवढाच, की चूक नेमकी कुठे आहे ते बोटाला कळतं.

पेपर ८० नंबरपासून सुरू झाला. १२०, २२०, ४००, मग पाणी टाकून ८०० आणि १०००. नुसत्या हाताने घासायचं नाही. बोटांचा दाब जिथे पडतो तिथे खड्डे पडतात. लाकडाची लांब सपाट पट्टी, तिला पेपर, आणि तिरपे हात, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या. मधेच काळ्या स्प्रेची अगदी विरळ धूळ उडवायची आणि परत पट्टी मारायची. उंचवट्यावरचा काळा रंग जातो, खड्ड्यातला राहतो. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या बंपरवर असे काळे डाग उमटले की माणूस जमिनीवर येतो. शेवटी प्लगला चकचकीत रंग दिला आणि रात्री ट्यूबलाइटखाली धरला. ट्यूबचं प्रतिबिंब बंपरवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना सरळ राहायला हवं. आमचं प्रतिबिंब डाव्या कोपऱ्यात लचकत होतं. आतेभाऊ म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" काका म्हणाले, "साचो बघता." आणि परत लांबी कालवली गेली.

काकांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. साचा प्लगवरचं सगळं उचलतो. पॉलिशचा ओरखडा, ब्रशचा केस, मेणावर चुकून टेकलेल्या अंगठ्याच्या रेषासुद्धा. प्लगवर राहिलेला दोष साच्यात जातो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर येतो.

बंपर दोन्ही टोकांना आत वळलेला. अशा वस्तूचा साचा एकाच तुकड्यात केला तर तो प्लगला मिठी मारून बसतो आणि काही केल्या निघत नाही. म्हणून मध्ये आणि खाली सनमायकाच्या पट्ट्या शाडूने चिकटवून भिंती उभ्या केल्या. साचा त्या भिंतींपाशी सुटा होणार आणि नंतर नटबोल्टने जोडला जाणार. शाडू आणि बंपर यांच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी त्यात रेझिन शिरतं, म्हणून तिथे काका नखाने शाडू दाबत बसले. मग मेण. पातळ हात, थोडा वेळ, मऊ कापडाने पुसून चमक, आणि पुन्हा तेच, अनेकदा. त्यावर पीव्हीए स्प्रे केला. त्याची पातळ फिल्म वाळते आणि नंतर पाण्याने धुऊन जाते. मेण लावण्यात आळस केला तर साचा आणि प्लग कायमचे एक होतात. मग दोन्ही भंगारात.

आता रसायनं. हे काम घरी करायचं असेल तर इथे कान देऊन ऐकावं. रेझिन आपणहून लवकर घट्ट होत नाही. त्याला जांभळं कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे एमईकेपी, लागतं. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. त्यांच्या बाटल्यासुद्धा एका फळीवर ठेवू नयेत. काकांची एक बाटली पडवीत, दुसरी गोठ्याच्या भिंतीला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल. स्टायरीनची वाफ साध्या धुळीच्या मास्कने अडत नाही, कार्बनच्या डब्या असलेला मास्कच हवा. काम उघड्यावर, आणि आसपास चूल, समई, विडी काही नाही. आत्याने पहिल्या दिवशी वास घेतला आणि सांडग्यांची ताटं थेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेली. बाईने योग्यच केलं.

हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, तोही हवा बघून. हे काम तुळशीच्या लग्नानंतर काढलं ते मुद्दाम. पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि रेझिन नीट पिकत नाही; एप्रिलच्या उन्हात ते मगातच जमतं. मगात उरलेलं रेझिन तापतं, धुरावतं, प्लॅस्टिकचा मग वाकडा करतं. म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं. "वायच कर. रेझिन कोणाचा ऐकणा नाय," हे काकांचं पालुपद.

पहिला थर जेलकोटचा, साधारण अर्धा मिलिमीटर. तो बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशी अवस्था आली की मॅट सुरू. आधी पातळ टिश्यू, मग ४५० ग्रॅमची मॅट. मॅटच्या कडा कात्रीने कापायच्या नाहीत, हाताने फाडायच्या. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात, कापलेल्या कडेची रेघ उमटते. कोरडी मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ असते. रेझिन लागलं की तिच्यातला चिकटपदार्थ विरघळतो, पांढरी मॅट पारदर्शक होते आणि बंपरच्या वळणावर निजते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा. लोखंडी, खाचांचा छोटा रोलर फिरवून तो बुडबुडा कडेपर्यंत हाकलायचा. रोलर चटचट वाजतो आणि त्या आवाजावरून काकांना कळत होतं की कुठे कोरडं आहे. मला शेवटपर्यंत कळलं नाही.

साच्याला पाठीमागून लोखंडी पाइपांचा सांगाडा जोडला आणि तो प्लगवरच बरेच दिवस राहू दिला. घाईने काढलेला साचा पिळवटतो. काढताना प्लॅस्टिकच्या पाचरी, फटीत पाणी, रबरी हातोडीच्या टिचक्या. 'टक्' असा एक आवाज झाला आणि एक बाजू सुटली. आतून साचा काळा, आरशासारखा.

त्यानंतरचं काम खरंच भराभर झालं. साच्याला मेण, जेलकोट, टिश्यू आणि मॅटचे दोन थर. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. बोल्ट येणार तिथे लोखंडी पट्ट्या थरांच्या मध्ये घेतल्या, नाहीतर बोल्ट आवळताच फायबर चिरतं. एक युक्ती मात्र डोळ्यांनी बघण्यासारखी. रेझिन जमलेलं पण अजून रबरासारखं लवचीक असतं तेव्हा काकांनी साध्या कटरच्या पात्याने कडेचा जादा भाग लोण्यासारखा कापून काढला. तासाभराने त्याच कामाला ग्राइंडर लागला असता आणि सगळ्या खळ्यात काचेची धूळ उडाली असती. ती धूळ कातडीत गेली की खाज सुटते, आणि गरम पाणी घेतलं तर आणखी. अंगाला आधी पावडर, फुल बाह्या, आणि आंघोळ थंड पाण्याने, हा होडीवाल्यांचा नेम.

नवा बंपर आतेभावाने लगेच रंगवला नाही आणि इथे त्याला मानलं. कच्चा प्रायमर मारून गाडीला लावला, बॉनेटशी फट जुळवली, आणि गाडी रोज उन्हात उभी केली. फायबर आठवडेच्या आठवडे पिकत राहतं. उन्हाने तापलं की किंचित आक्रसतं आणि आतल्या मॅटचे तंतू पृष्ठभागावर उठून दिसू लागतात. घाईने रंगवलेल्या बंपरवर ही जाळी महिन्याभराने हमखास उमटते. इथे ती प्रायमरवरच उठली, घासली गेली, आणि मग रंग चढला. खालचा ओठ पुढे आला आहे हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते घरगुती कामाला यापेक्षा मोठी पावती नाही.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी बंपरपासून सुरुवात करू नये. आरशाचं कव्हर किंवा नंबर प्लेटची चौकट घ्यावी, आणि रेझिनच्या आधी मास्क विकत घ्यावा. आणि तुमच्याकडे पुढून फुटलेली सॅन स्टॉर्म असेल तर प्लग घासत बसू नका. साचा आतेभावाच्या माळ्यावर शाबूत आहे, मागितला तर तो देतो. मेण आणि रेझिन मात्र ज्याने त्याने आपलं आणायचं.