जपानी रोगणाची कपाटे

लाखकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावंतवाडीची रंगीत खेळणी उभी राहतात. त्यामुळे जुन्या जपानी उमराव घराण्यांतील काळीभोर, सोनेरी चित्रांनी मढलेली कपाटे पाहिली, की तेही लाखकामच असावे असा आपला सहज समज होतो. परंतु या दोहोंचे मूळच निराळे आहे. आपली लाख किड्यांपासून होते आणि उष्णतेने वितळते. जपानी रोगण हा एका झाडाचा चीक असून त्याला तिकडे ‘उरुशी’ म्हणतात. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले हे झाड. बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. उरुशीचा ओला चीकही अंगावर तसाच उततो.

झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले, की उन्हाळ्यात व शरदात सालीला चरे पाडून चीक गोळा करतात. एका झाडाची एका हंगामाची कमाई सुमारे २०० ग्रॅम! त्याची खरी मौज पुढेच आहे. आपण रंग वाळावा म्हणून त्याला उन्हात ठेवतो. उरुशी मात्र दमट हवेत घट्ट होते. तिच्यातील एक द्रव्य हवेतला प्राणवायू घेऊन चिकाचे कठीण कवच बनवते, आणि त्या क्रियेला ओलावा लागतो. एकदा घट्ट झालेली उरुशी पाण्याला वा आम्लाला सहजी दाद देत नाही.

आता कपाट कसे घडते ते पाहू. लाकडाच्या सांगाड्यावर प्रथम कापड चिकटवायचे, त्यावर चिकणमातीची पूड मिसळलेल्या उरुशीचे लेप द्यायचे, मग काळ्या उरुशीचे पातळ हात. प्रत्येक लेप घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, आणि मगच पुढचा. यानंतर ‘माकी-ए’, म्हणजे शिंपडलेले चित्र. कारागीर उरुशीनेच चित्र रेखतो आणि ती ओली आहे तोच बारीक नळीतून सोन्याची पूड तिच्यावर भुरभुरवतो. कधी खाली थर चढवून डोंगर, झाडे उठावात आणतो. कधी सोन्यावरून पुन्हा काळा लेप देऊन, कोळशाने घासत घासत बुडालेले चित्र वर काढतो.

या कलेचा कळस पाहायचा तर नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयातील ‘हात्सुने’ रुखवताकडे पाहावे. शोगुन इएमित्सु याची कन्या चियोहिमे हिच्या १६३९ सालच्या विवाहासाठी कोआमि नागाशिगे याने ते घडवले. वधूचे वय तीन वर्षांच्या आतले! त्यात शोभेची कपाटे व मांडण्या आहेत. तिकडे १५४३ पासून जपानला जाऊ लागलेले पोर्तुगीज शिंपल्यांचे जडावकाम केलेल्या पेट्या व कपाटे मागवून घेत. मकावहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या जलमार्गावरील मोठे ठाणे म्हणजे आपले गोवे.

१८७४ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनातून परतणारे ‘नील’ जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ बुडाले. वर्षाहून अधिक काळ समुद्रतळाशी राहिलेल्या रोगणाच्या वस्तू वर काढल्या, तेव्हा त्या जवळजवळ जशाच्या तशा निघाल्या. समुद्राला जे साधले नाही ते प्रकाशाला साधते. उन्हाच्या नि तीव्र उजेडाच्या किरणांनी उरुशीचे तेज जाते, तिला बारीक भेगा पडतात, आणि गेलेले तेज परत आणता येत नाही. म्हणूनच संग्रहालये ही कपाटे मंद उजेडात, थोडे दिवसच मांडतात. जी वस्तू दाखवण्यासाठी घडली, तिला दाखवण्यानेच झीज लागते.

दुसरी चिंता चिकाची. आज जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनहून येते. जुन्या राष्ट्रीय ठेव्यांच्या दुरुस्तीला देशातलीच उरुशी वापरावी, असे धोरण तेथील सरकारने २०१५ मध्ये स्वीकारले. पण धोरण एका दिवसात ठरते. झाडाला दहा वर्षे लागतात, आणि चरा कुठे नि किती खोल पाडावा हे जाणणारा हात तयार व्हायलाही अनेक वर्षे जातात. कपाटे जपणे म्हणजे ती झाडे आणि ते हात जपणे, हे आपल्याकडील कारागिरीलाही तितकेच लागू आहे.