मेंदूतील रक्तस्राव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पक्षाघात दोन कारणांनी होतो: मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा ती फुटते. फुटलेल्या रक्तवाहिनीमुळे होणाऱ्या पक्षाघाताला लोक ‘ब्रेन हॅमरेज’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मेंदूच्या आत रक्त साचते. दुसऱ्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवरचा फुगा फुटून रक्त मेंदूच्या आवरणांखाली पसरते. जगातील नव्या पक्षाघातांपैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक रक्तस्रावाचे असतात. पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत मात्र त्यांचा वाटा जवळपास निम्मा आहे.

गैरसमज: डोक्याला मार लागल्याशिवाय मेंदूत रक्तस्राव होत नाही.

वस्तुस्थिती: मार न लागता होणाऱ्या रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब हे आहे. मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षांच्या दाबाने कमकुवत होतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. वृद्धांमध्ये धमन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचे प्रथिन साठूनही असे घडते. रक्त पातळ करणारी औषधे आणि अतिमद्यपान यांनी धोका वाढतो. तरुणांमध्ये रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता हे कारण असू शकते.

गैरसमज: पक्षाघाताची शंका येताच अ‍ॅस्पिरिन द्यावी.

वस्तुस्थिती: तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दोन्ही प्रकारांत सारखीच दिसतात. रक्तस्रावात डोकेदुखी, उलटी आणि शुद्ध हरपणे अधिक आढळते, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. अ‍ॅस्पिरिन रक्त गोठण्यात अडथळा आणते, त्यामुळे रक्तस्राव असल्यास ती घातक ठरू शकते. बीपीची जादा गोळी देऊन दाब एकदम उतरवणेही धोक्याचे. गिळण्याची क्षमता गेलेली असू शकते, म्हणून पाणी, चहा काहीही पाजू नये. रुग्णाला कुशीवर झोपवावे, लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्ण घेत असलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

गैरसमज: गोळीने थांबलेली डोकेदुखी धोक्याची नसते.

वस्तुस्थिती: धमनीवरचा फुगा फुटतो तेव्हा डोकेदुखी काही क्षणांत असह्य होते. आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते, असे रुग्ण सांगतात. वेदना ओसरली तरी फुगा पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वाधिक असते. म्हणून कवटी उघडून त्याच्या मुळाशी क्लिप लावतात किंवा जांघेतून अथवा मनगटातून नळी नेऊन तो बारीक तारेच्या वेटोळ्यांनी भरतात. पुढे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. त्यातून होणारी हानी कमी व्हावी म्हणून निमोडिपीन हे औषध 21 दिवस देतात.

गैरसमज: रक्त सांडून गेले, आता घाई करून उपयोग नाही.

वस्तुस्थिती: सुमारे एक तृतीयांश रुग्णांत साचलेले रक्त पहिल्या काही तासांत वाढत जाते आणि कवटीतील मर्यादित जागेत मेंदूवरचा दाबही वाढतो. या तासांत वरचा रक्तदाब तातडीने, पण देखरेखीखाली 140च्या आसपास आणतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याला व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देतात. भारतासह दहा देशांतील सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘इंटरॅक्ट-3’ या चाचणीत रक्तदाब, रक्तातील साखर, ताप आणि वॉरफरिनचा परिणाम या चारही गोष्टींवर एकत्रित, तातडीने उपचार झाले. अशा रुग्णांमध्ये मृत्यू आणि गंभीर अपंगत्व कमी आढळल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

गैरसमज: ऑपरेशन करून रक्त काढले की रुग्ण बरा होतो.

वस्तुस्थिती: मेंदूतल्या खोल भागातील रक्तापर्यंत पोहोचताना वाटेतला निरोगी मेंदू दुखावतो. 1,033 रुग्णांच्या ‘स्टिच’ चाचणीत (2005) लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना औषधोपचार घेणाऱ्यांपेक्षा एकंदरीत अधिक लाभ झाला नाही. लहान मेंदूत तीन सेंटीमीटरहून मोठा रक्तसाठा असेल किंवा मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेने जीव वाचू शकतो. मेंदूच्या वरच्या थरालगतचे रक्त बारीक नळीतून चोवीस तासांच्या आत काढल्यास फायदा होतो, असे 2024च्या ‘एनरिच’ चाचणीत आढळले. म्हणजे निर्णय रक्ताची जागा, प्रमाण आणि रुग्णाची शुद्ध पाहून होतो.

गैरसमज: ब्रेन हॅमरेज म्हणजे मृत्यू, नाहीतर कायमचे अंथरूण.

वस्तुस्थिती: आजार गंभीर आहेच; मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्यांपैकी सुमारे 40 टक्के रुग्ण महिन्याभरात दगावतात. पण रक्ताने दाबले गेलेले सर्वच मज्जातंतू मरत नाहीत. साचलेले रक्त काही आठवड्यांत शोषले जाते आणि काही शक्ती परत येते. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतच आशा सोडून उपचार आखडते घेऊ नयेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फिजिओथेरपी, बोलण्याचे आणि गिळण्याचे प्रशिक्षण प्रकृती स्थिरावताच सुरू करतात. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, नंतरही ती सावकाश चालू राहू शकते. नुसत्या तेलमालिशीवर विसंबून हा काळ घालवणे महागात पडते.

गैरसमज: त्रास जाणवत नसेल तर बीपीची गोळी बंद करावी.

वस्तुस्थिती: उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांशिवाय असतो, आणि मोजमाप नॉर्मल येते ते गोळीमुळेच. पक्षाघात येऊन गेलेल्यांवरील ‘प्रोग्रेस’ चाचणीत (2001) रक्तदाब कमी करणाऱ्या उपचारांनी मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण निम्म्यावर आले. रक्तस्राव होऊन गेलेल्यांनी दाब 130/80च्या खाली राखावा, गोळी स्वतःहून बंद करू नये, मीठ कमी करावे, तंबाखू आणि मद्य सोडावे. बंद केलेली रक्त पातळ करणारी औषधे पुन्हा सुरू करायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.