ज्वारी चांगली होती, वास मात्र खरा होता

या पानावर आपण बियाणं, खत, फवारणी यावर बोलतो. आजचा विषय निराळा आहे, पण त्याची सुरुवात ज्वारीच्या कोठीपासूनच झाली.

काही वर्षांपूर्वी सेमाडोहकडच्या एका घरून निरोप आला. साठवलेल्या ज्वारीला फवारणीच्या औषधाचा वास येतो, येऊन पाहा. गेलो. कोठी पाहिली, दाणे हुंगले, भाकरही खाऊन पाहिली. काहीच नव्हतं. वास फक्त घरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला येत होता. "भाकरीत औषध टाकून रायले, मले कडू लागते," असं तो म्हणे. रात्री मचाणावर जागलीला गेला की दोन माणसं त्याच्याविषयी बोलताना त्याला ऐकू येत. "दाणे चांगले आहेत," एवढं सांगून मी निघून आलो. चूक तिथंच झाली. पुढचे आठ महिने अंगारे-उताऱ्यात गेले. पोरगं सुकत चाललं. एक दिवस कीटकनाशकाचा डबाच त्याच्या हातून हिसकून घ्यावा लागला, तेव्हा कुठं दवाखाना दिसला.

या आजाराला स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांत एकाला तो होतो. बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. मेंदूतील रसायनांचा, विशेषतः डोपामाईनचा, तोल बिघडतो. काही अंशी तो आनुवंशिक आहे. गांजाच्या व्यसनानं धोका वाढतो. बाहेर काही नसताना मेंदूच आवाज, वास, चव तयार करतो. यालाच भास म्हणतात. रोगी सोंग करत नसतो, त्याला ते खरोखर जाणवतं.

भास पाचही इंद्रियांना होऊ शकतो. सर्वांत जास्त आढळतो तो कानाचा. कुणी शिव्या देतं, हुकूम सोडतं, नावानं हाक मारतं. डोळ्यांना माणसं, सावल्या दिसतात. नाकाला जळकट, कुजका किंवा औषधाचा वास येतो. जिभेला अन्न कडू, विषारी लागतं. कातडीवर कुणी हात लावल्यासारखं, किडे फिरल्यासारखं वाटतं. एकाच माणसाला यातले दोन-तीन भास मिळूनही होतात. म्हणून कुणी जेवणावरच संशय घेऊ लागला तर त्याला हट्टी म्हणू नका.

मात्र प्रत्येक भास स्किझोफ्रेनियाचा नसतो. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस नसलेलं पाहू लागतो. मेंदूत गेलेला मलेरिया, रोजची दारू एकाएकी बंद होणं, यानंही असंच होतं. फवारणीनंतर घाम, लाळ सुटून माणूस बरळू लागला तर ती विषबाधा समजा. ताप आहे किंवा भास अचानक सुरू झाला, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांनी काय करावं? वाद घालू नये, होला होही म्हणू नये. "तुले ऐकू येते हे मी मानतो, मले नाही येत," एवढं बोलावं. कीटकनाशकं, दोर, विळे कुलपात ठेवावेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या की आजार उलटतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर २०२२ पासून सुरू आहे.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनीही लक्षात ठेवावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रोग्याला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. बेवारस फिरणारा मनोरुग्ण दिसला तर पोलीस ठाण्याला कळवा. मेळघाटात भूमका, पडियार यांच्यावर लोकांचा विश्वास आहे. त्यांना दोष देऊन भागत नाही. त्यांनाच विनंती करा, "तुमची पूजा होऊ द्या, पण पोराला दवाखान्यातही पाठवा."

२००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा सिनेमा आला होता. कोकणातल्या खेड्यातला रोगी आणि त्याला सांभाळणारी बहीण त्यात आहेत. ग्रामपंचायतीत एकदा दाखवण्याजोगा आहे.

तो पोरगा आज गोळ्या घेतो, पेरणीला तिफणीमागं असतो. आवाज पुरते गेलेले नाहीत, पण ते आजाराचे आहेत हे त्याला कळतं. भाकर पोटभर खातो. पुढं कुणी मला दाण्याचा वास पाहायला बोलावलं, तर आधी मी विचारीन, "वास घरात आणखी कोणाला येतो?" तुम्हीही विचारा.