व्हॅटिकनच्या यादीतले ४५ सिनेमे

सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट, प्रत्येकी १५ चित्रपट. त्यात ‘बेन-हर’ आहे, तसेच ‘गांधी’ आणि चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ही आहेत! नास्तिक, मार्क्सवादी पासोलिनीने येशूवर काढलेला चित्रपटसुद्धा आहे.

माझा सर्वांत लाडका ‘बॅबेट्स फीस्ट’ (१९८७). लॉटरीत लागलेले १०,००० फ्रँक बॅबेट एकाच मेजवानीवर खर्च करते. जेवणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलेली कर्मठ म्हातारी मंडळी हळूहळू खुलतात, जुनी भांडणं मिटतात. प्रवचन न देता देवाची कृपा दाखवली आहे.

ख्रिस्ती मित्रांनो, पडद्यावर बायबल दिसतं का, एवढंच पाहू नका. सिनेमा माणसाकडे कोणत्या नजरेने बघतो, तेही पाहा.