चाकतुंबा व धारवा, मोटारगाडीचे
मोटारगाडीचे चाक ज्या भागावर बोल्टांनी बसविलेले असते, त्यास तुंबा किंवा हब म्हणतात. हा तुंबा धारव्याच्या (बेअरिंगच्या) आधारे फिरतो. गाडीचा भार, वळणावर येणारा आडवा रेटा व खड्ड्यांतील आघात असे सर्व बल पुढील चाकाच्या धारव्यास सोसावे लागते.

प्रकार : मागील चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत स्थिर आसावर निमुळत्या रुळांचे दोन धारवे बसविण्याची पद्धत रूढ होती. अशा धारव्याचे एकस्व हेन्री टिम्केन यांनी अमेरिकेत १८९८ मध्ये मिळविले. त्यात वंगण बदलता येते व नट फिरवून ढिलाई जुळविता येते. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींचा प्रसार झाला. अशा गाड्यांत सामान्यतः चाकाच्या नकलमध्ये दाबून बसविलेले बंदिस्त धारवे असतात. ते दुरुस्त होत नाहीत, बदलावे लागतात. काही गाड्यांत तुंबा व धारवा एकसंध असून तो बोल्टांनी बसवितात.

बिघाडाची लक्षणे : झिजलेला धारवा वेगाबरोबर वाढणारा घरघराट करतो. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जात असल्याने तेव्हा आवाज वाढल्यास दोष बहुधा उजव्या बाजूस असतो. उचललेले चाक वर-खाली धरून हलविल्यास ढिलाई जाणवते. ब्रेक दाबताच ती नाहीशी झाल्यास दोष धारव्याचा समजावा. गळपट्टी फाटून पाणी व चिखल आत शिरणे हे बिघाडाचे एक प्रमुख कारण आहे.

बदलण्याची रीत : चाक जमिनीवर असतानाच मधला नट सैल करतात. नंतर गाडी भक्कम टेकूंवर ठेवून चाक व ब्रेकची तबकडी काढतात. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगतात. तो नळीवर लोंबू देत नाहीत. नकल सोडवून तुंबा दाबयंत्राने बाहेर काढतात. या वेळी धारव्याचे आतील कडे बहुधा तुंब्यावरच राहते. ते पुलरने काढावे लागते. त्यानंतर अडकण-कडी काढून जुना धारवा दाबून बाहेर काढतात व त्याची बैठक स्वच्छ करतात.

नवा धारवा बसविताना दाब कोठे पडतो, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. नकलमध्ये बसविताना तो बाहेरील कड्यावरच दिला जातो. तुंबा आत दाबताना आतील कड्यास खालून आधार देतात. दाब गोळ्यांमधून गेल्यास कड्यांच्या मार्गांवर खळगे पडतात आणि धारवा लवकरच आवाज करू लागतो. म्हणून तो हातोडीने ठोकून बसविणे अयोग्य होय. धारव्यास चुंबकीय कडी असल्यास तिची बाजू वेगमापक संवेदकाकडे ठेवतात; उलट बसविल्यास चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा निकामी होते.

शेवटी नवा नट टॉर्क पान्याने कारखान्याने नेमून दिलेल्या मापापर्यंत आवळून अडकवितात. त्यापूर्वी चाकावर गाडीचा भार देत नाहीत. निमुळत्या रुळांच्या धारव्यात मात्र नट आवळून पुन्हा किंचित सैल करतात. नट सैल राहिल्यास चाक डुगडुगते. धारवा जखडल्यास वा फुटल्यास गाडीवरील ताबा सुटून अपघात घडू शकतो.