दवाखान्याचें दार आणि भाषणाचा हक्क

सेनगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं एखादी बाई दवाखान्याची पायरी चढली, कीं दिवेलागणीच्या आंत तें चार घरीं कळतें. कशासाठीं गेली याचे तर्कही सुरू होतात. अशा ठिकाणीं गर्भपातासाठीं आलेल्या स्त्रीच्या वाटेवर दहा माणसें निषेधाचे फलक घेऊन उभीं राहिलीं, तर कायदा काय करील? आपल्याकडे ही रीत सुदैवानें पडलेली नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र ती चांगलीच रुजली आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें अशा दवाखान्यांच्या दारांभोंवतीं ३५ फुटांचें वर्तुळ आंखलें. २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें एकमतानें रद्द ठरविलें. दार अडविणारास शिक्षा करण्याचे साधे उपाय हातीं असतां, पदपथावर हलक्या आवाजांत बोलूं पाहणारासही त्या वर्तुळानें हुसकून लावलें होतें. इंग्लंड व वेल्समध्यें उलट १५० मीटरांचा पट्टा ३१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलांत आहे.

आमचा गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनें स्त्रीचें नांव उघड करणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. पण ही शिक्षा डॉक्टरापुरती. रस्त्यावर उभें राहून चेहरे न्याहाळणारास ती लागू नाहीं. इस्पितळाभोंवतीं १०० मीटरांचा शांतता-पट्टा आहे खरा, परंतु तो आवाजापुरता. मुक्या फलकास त्याची कसली भीति?

मग उरतो मॅजिस्ट्रेटचा जमावबंदीचा हुकूम, पूर्वीचें कलम १४४ व १ जुलै २०२४ पासूनचें कलम १६३. १९५६ सालीं नागपुरांत गिरणी-कामगारांच्या दोन संघांच्या तंट्यावरून असा हुकूम निघाला. बाबूलाल पराते यांनीं त्यास आव्हान दिलें. १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला. हुकमांत कारणें नमूद करावीं लागतात, त्याची मुदत दोन महिन्यांची असते आणि वर दाद मागतां येते, हें न्यायाधीशांस पुरेसें वाटलें.

निर्णय मान्य करूनही मला हें हत्यार येथें निरुपयोगी वाटतें. मुदतीनें संपणारा हुकूम दाराचें कायमचें रक्षण करीत नाहीं, आणि असेपर्यंत धक्काबुक्की करणारास व शांत उभ्या माणसास एकाच मापानें मोजतो. शिवाय हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता. राजकीय सभेसाठीं आधीं परवानगी काढावी लागे, हें येथील वडीलधाऱ्यांनीं सोसलें आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर वर्तुळ सोंपवूं नये. हवेंच असेल तर विधिमंडळानें तें फुटांत मोजून द्यावें: दाराची वाट मोकळी राहील इतकेंच, आणि फलकवाल्यांस रस्त्यापलीकडे उभें राहतां येईल असें. आंत जाणाऱ्या बाईचें छायाचित्र घेण्यास मात्र कोठूनही मनाई असावी.