सिलेक्टिने, पुनःसंयोजित मानवी

रक्तातील श्वेत कोशिकांना रक्तवाहिनीच्या भिंतीचा आधार मिळवून देणारी, पण शरीराबाहेर जनुकीय अभियांत्रिकीने तयार केलेली मानवी प्रथिने. कोशिका-आसंजक प्रथिनांचे इंटेग्रिने, कॅडहेरिने, इम्युनोग्लोब्युलिनसदृश प्रथिने व सिलेक्टिने असे चार प्रमुख गट आहेत. सिलेक्टिनांचे तीन प्रकार असून ई-सिलेक्टिन रक्तवाहिनीच्या अंतःस्तरावर, पी-सिलेक्टिन अंतःस्तर व बिंबाणू यांवर, तर एल-सिलेक्टिन श्वेत कोशिकांवर आढळते. तिन्हींच्या रेणूंची जडणघडण १९८९ मध्ये स्पष्ट झाली.

कार्य : एखाद्या जागी संसर्ग झाला म्हणजे तेथील अंतःस्तर काही तासांत ई-सिलेक्टिन पृष्ठभागावर आणतो. श्वेत कोशिकेवरील सायलिल लुईस-एक्स या फ्यूकोजयुक्त शर्करेला ते धरून ठेवते; यासाठी कॅल्शियम आयन आवश्यक असतात. हे बंध दुर्बळ व क्षणिक असल्याने वेगाने वाहणारी कोशिका मंदावते व भिंतीवरून गडगडत पुढे सरकते. त्यानंतर इंटेग्रिने तिला घट्ट धरतात व ती भिंतीतून पार होते. पहिली पकडच सुटली, तर रक्तात विपुल श्वेत कोशिका असूनही त्या संसर्गस्थानी पोहोचत नाहीत आणि तेथे पू होत नाही.

निर्मिती : रेणूचा कोशिकापटलात रुतणारा भाग वगळून उरलेल्या भागाची जनुकीय माहिती चायनीज हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या किंवा मानवी मूत्रपिंडाच्या संवर्धित कोशिकांत घालतात. त्यामुळे प्रथिन कोशिकेत अडकून न राहता संवर्धन-द्रवात स्रवते. शुद्धीकरण सोपे व्हावे म्हणून त्याला प्रतिपिंडाचा एक तुकडा जोडण्याचीही पद्धत आहे. अशा प्रथिनांना योग्य घडी व शर्करांची जोड आवश्यक असल्याने जंतूंपेक्षा सस्तन प्राण्यांच्या कोशिका अधिक उपयुक्त ठरतात.

उपयोग : प्रथिनाचा लेप दिलेल्या काचेवरून श्वेत कोशिका वाहू देऊन त्या गडगडतात की निसटतात, हे सूक्ष्मदर्शकाने पाहतात. कॅल्शियम काढून घेतल्यावर बंध तुटले, तर ती पकड सिलेक्टिनाचीच होती असे ठरण्यास पुष्टी मिळते.

मुंबई रक्तगटाशी संबंध : १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तगटाचे वर्णन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केले. या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर ए आणि बी हे प्रतिजन तर नसतातच, पण या दोहोंचा पाया असलेला एच हा फ्यूकोजयुक्त प्रतिजनही नसतो. साध्या तपासणीत त्यांचे रक्त ओ गटाचे भासते. मात्र त्यांच्या रक्तरसात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्याने ओ गटाचे रक्त त्यांना दिल्यास प्राणावर बेतू शकते. त्यांना याच गटाचे रक्त द्यावे लागते. एरवी त्यांची प्रकृती निरोगी असते.

१९९२ मध्ये दोन मुलांत हाच रक्तगट आढळला. पण त्यांना वारंवार संसर्ग होत व त्यांची शारीरिक आणि मानसिक वाढ खुंटली होती. त्यांच्या श्वेत कोशिकांवर सायलिल लुईस-एक्स नव्हते व ई-सिलेक्टिनाला त्या चिकटत नव्हत्या. या विकाराला श्वेतकोशिका-आसंजन न्यूनता, प्रकार दुसरा, असे नाव मिळाले. मुंबई रक्तगटात फ्यूकोज जोडणाऱ्या एंझाइमांपैकी एच प्रतिजनाशी निगडित एंझाइमच निकामी असते. श्वेत कोशिकांचे एंझाइम निराळे असल्याने ते अबाधित राहते. दुसऱ्या प्रकारच्या विकारात मात्र फ्यूकोजचा पुरवठा करणारा वाहक रेणूच सदोष असतो व त्यामुळे सर्वच फ्यूकोजयुक्त शर्करा घटतात. हा दोष २००१ मध्ये ओळखला गेला. काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर सिलेक्टिनाला धरणाऱ्या शर्करा पुन्हा दिसू लागल्या व संसर्ग कमी झाले. तथापि सर्वांनाच असा गुण येत नाही.

मर्यादा : अशी प्रथिने संशोधनासाठी असतात, ती औषध म्हणून देत नाहीत. काचेवरील एका प्रथिनाची पकड म्हणजे जिवंत रक्तवाहिनीतील सर्व घडामोडी नव्हेत. म्हणून या प्रयोगांचे निष्कर्ष रुग्णाची लक्षणे, रक्तगटपरीक्षा व जनुकीय तपासणी यांच्याशी पडताळूनच ग्राह्य मानतात.